कळसूबाईच्या उंचीवर तंबू: सॅन हसिंटोला निघण्याआधी

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या आयडिलवाइल्ड गावचं कॅम्पग्राउंड साधारण ५,४०० फुटांवर आहे. म्हणजे तंबू ठोकाल तिथेच तुम्ही कळसूबाईच्या माथ्याइतके उंच असता, आणि माउंट सॅन हसिंटोचं शिखर तिथून जवळपास तेवढंच पुन्हा वर, १०,८३४ फुटांवर. सह्याद्रीत गडकिल्ले पालथे घातलेली मंडळी (मीही त्यांतलाच) कॅलिफोर्नियात येऊन चुकतात ती याच हिशेबात. आपल्याला सॅक भरायची सवय पावसासाठी आणि घामासाठी. शिवाय पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी ओसरीवर पिठलं-भाकरी मिळणार, हे मनात धरलेलंच असतं. इथे वर गाव नाही, टाकं नाही, ओसरीही नाही.

पहिली तयारी तारखेची. माउंट सॅन हसिंटो स्टेट पार्कच्या जागा ‘रिझर्व्ह कॅलिफोर्निया’ या वेबसाइटवर सहा महिने आधी, सकाळी ८ वाजता खुल्या होतात. मेअखेरच्या मेमोरियल डेच्या लाँग वीकेंडला जायचं असेल तर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गजर लावायचा. आयडिलवाइल्ड गावाला लागून असलेल्या जागेपर्यंत गाडी जाते. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी आणि लहान मुलं असणाऱ्यांनी तिथेच राहावं. वर राउंड व्हॅलीसारख्या ठिकाणी मुक्काम करायचा तर वेगळा परवाना आधी मागवून घ्यावा लागतो. एका दिवसात वर जाऊन यायचं असलं तरी परवाना लागतो. पाम स्प्रिंग्जच्या बाजूने ट्रॅमने, म्हणजे दोरावरच्या पाळण्याने, वर गेलात तर तो वरच्या स्टेशनजवळ, लाँग व्हॅलीच्या रेंजर चौकीवर फुकट भरून मिळतो. आयडिलवाइल्डच्या वरच्या हम्बर पार्कहून डेव्हिल्स स्लाइडची वाट धरणार असाल तर सुरुवातीची जमीन राष्ट्रीय वनाची, त्यामुळे परवाना त्यांचा आणि गाडी लावायचा पासही वेगळा. एकच डोंगर, पण खाती दोन. आपल्याला याची सवय असायला हरकत नाही. कुत्रा घरीच ठेवा, स्टेट पार्कच्या वरच्या रानात त्याला मज्जाव आहे.

आता थंडी. मे आणि ऑक्टोबरच्या रात्री कॅम्पग्राउंडवर पारा ४-५ अंशांपर्यंत सहज उतरतो, वर त्याहून खाली. स्लीपिंग बॅग घेताना तिच्यावर लिहिलेलं तापमान वाचा. तो आकडा सुखाने झोपण्याचा असेलच असं नाही, पुष्कळदा जेमतेम निभावण्याचा असतो. आणि बॅगेपेक्षाही महत्त्वाची तिच्याखालची गादी. थंडी हवेतून येते असं आपल्याला वाटतं, पण रात्री अंगातली ऊब खरी शोषते ती जमीन, आणि अंगाखाली दबलेला बॅगेचा कापूस तिथे काही कामाचा नसतो. घरची सतरंजी चहाच्या वेळी बसायला न्या, झोपायला फुगवायची किंवा घडीची जाड मॅट हवीच. सुती टी-शर्ट चढताना घामाने भिजतो आणि थांबलात की पाठीला बर्फासारखा चिकटतो. आत सिंथेटिक किंवा लोकरीचं, त्यावर उबदार जाकीट, वर वारा अडवणारं कवच. झोपताना घालायचे मोजे दिवसभर घालायचे नाहीत. आईने पाठवलेली माकडटोपी इथल्या दुकानातल्या कुठल्याही टोपीपेक्षा सरस आहे, लाजू नका.

तंबूसाठी जागा निवडताना आधी वर बघा. या भागात कुल्टर पाइन नावाचं झाड आहे, त्याची शंकूसारखी फळं नारळाएवढी मोठी, काही किलो वजनाची आणि आकड्यांसारख्या काट्यांची असतात. अशा झाडाखाली तंबू लावणारा एकदाच लावतो. जेफ्री पाइन मात्र जरूर शोधा. उन्हाने तापलेल्या सालीला नाक लावलंत तर व्हॅनिलाचा वास येतो.

सरपण घरून नेऊ नका. ओकचं खोड पोखरणारा किडा लाकडाच्या मोळ्यांबरोबर प्रवास करतो आणि दक्षिण कॅलिफोर्नियातले हजारो ओक त्याने मारले आहेत. लाकूड तिथेच विकत घ्या, तेही शेकोटीला परवानगी असेल तर. कोरड्या महिन्यांत बंदी लागते, आणि वरच्या रानात शेकोटी बाराही महिने बंद. म्हणून गॅसचा छोटा स्टोव्ह आणि एक जास्तीचा डबा.

स्वयंपाकाची गोष्ट माझ्या अंगावर आलेली आहे. राउंड व्हॅलीत मी तूरडाळ नेली होती, साधं पातेलं आणि भरपूर उत्साह. दीड तास गॅस जाळला तरी डाळ बोटाखाली खडखडीत. नऊ हजार फुटांवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं, ते कितीही खळखळलं तरी त्याहून गरम होत नाही. शेवटी आम्ही गोडा मसाला घातलेलं डाळीचं पाणी प्यायलो. तेव्हापासून वर नेतो ती मुगाची डाळ, तीही भाजून आणि घरी तासभर भिजवून वाळवलेली, नाहीतर सरळ पोहे. खाली गाडीच्या कॅम्पवर मात्र दोन लिटरचा कुकर बिनधास्त न्या. पहिल्या दिवसाला दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी. रात्री मऊभात, मेतकूट आणि तूप, थंडीत तूप कमी घालायचं नाही. वाटेत खायला गूळ-शेंगदाणे. खरकटं, साली, रिकामी पाकिटं सगळं परत आणायचं, त्यासाठी दोन पिशव्या. खारींना काही घालू नका, त्यांच्या अंगावरच्या पिसवांपासून प्लेगचा धोका असतो.

पाणी माणशी तीन लिटर. वरचे झरे उन्हाळा सरता सरता आटतात, आणि वाहतं असलं तरी गाळल्याशिवाय पिऊ नये, फिल्टर न्या. एक खुरपं: शौचाला पाण्यापासून सत्तर पावलं तरी लांब जाऊन वीतभर खड्डा, आणि कागद पिशवीतून परत.

पाहुणे आलेले आई-बाबा किंवा गुडघेदुखीवाले काका बरोबर असतील तर पाम स्प्रिंग्जच्या बाजूने ट्रॅम आहे. १९६३ पासून चालू असलेला हा पाळणा २,६४३ फुटांवरून ८,५१६ फुटांवर दहा-बारा मिनिटांत नेतो, आणि वर जाताना त्याची जमीन सावकाश गोल फिरते, त्यामुळे खिडकीवरून भांडण नाही. त्याच्या पाच खांबांपैकी चार हेलिकॉप्टरने सामान नेऊन उभे केले आहेत. खालची दरी पाहिली की का ते कळतं. सप्टेंबरमध्ये देखभालीसाठी तो काही दिवस बंद असतो, तारखा बघून घ्या. जुलैत खाली वाळवंटात चाळिशी ओलांडलेली असते म्हणून लोक चपला आणि हाफ पँटवर वर जातात आणि कुडकुडत कॉफीच्या रांगेत उभे राहतात. जाकीट हातात ठेवा. इतक्या झपाट्याने चढल्यावर डोकं दुखू शकतं. लाँग व्हॅलीत तासभर रमतगमत फिरा, पाणी प्या. दुखणं वाढलं तर उपाय एकच, खाली उतरणं.

तिथून शिखर जाऊन-येऊन अकरा मैल. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ढग जमून विजा कडाडतात. इथल्या मूळच्या काविया लोकांच्या कथांत हा गडगडाट डोंगरात राहणाऱ्या ताक्विट्झ या दुष्ट शक्तीचा मानतात. त्याच्याशी गाठ नको असेल तर पहिला पाळणा पकडा आणि दुपारच्या आत माथा सोडा. माथ्याखाली १९३० च्या दशकातली दगडी झोपडी आहे, ती अडचणीत सापडलेल्यांसाठी. तिच्या भरवशावर सॅक हलकी करू नका. नोव्हेंबर ते मे वाटेवर बर्फ गोठलेला असू शकतो. बुटांना लावायचे खिळे आणि ते वापरायचा सराव, दोन्ही नसेल तर बेत पुढे ढकला.

बाकी भराभर: माणशी एक हेडलँप, फोनमध्ये उतरवून घेतलेला नकाशा आणि कागदी नकाशा, कारण वर रेंजचा भरवसा नाही. शिट्टी, उन्हाचं मलम, फोडांसाठी चिकटपट्टी, नेहमीच्या गोळ्या. लांब पँट: जळलेल्या रानात जांभळ्या फुलांचं पूडल-डॉग बुश उगवतं, त्याला नुसतं अंग घासलं तरी फोड उठतात आणि ते कधी कधी दोन आठवडेही राहतात. रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची असते, अंताक्षरी लवकर सुरू करा.

बॅनिंगला टाकी भरून घ्या. तिथून आयडिलवाइल्डपर्यंतचा रस्ता सगळा वळणांचा आहे, तेव्हा आवळा सुपारी आणि एक रिकामी पिशवी मागच्या सीटवर हाताशी ठेवा. आणि डिकीत तंबू सगळ्यांत शेवटी भरा, म्हणजे अंधारात पोचलात तर कुकर काढायच्या आधी तो हाताला लागेल.