'ब्राइट-आइड अँड बुशी-टेल्ड' कसं वापरावं?

सकाळी सातची ऑनलाइन मीटिंग. सगळे जांभया देतायत आणि एकटे तुम्ही आंघोळ-चहा उरकून, कॅमेरा चालू करून बसलेले. अमेरिकन सहकारी हसत म्हणतो, 'यू लुक ब्राइट-आइड अँड बुशी-टेल्ड!' म्हणजे डोळे चमकदार, शेपूट झुपकेदार. रागावू नका.

आधी खार डोळ्यांपुढे आणा. हा वाक्प्रचार अमेरिकन वळणाचा, आणि तिथली करडी खार आपल्या पट्टेवाल्या खारीपेक्षा शेपटीने बरीच भरघोस. टपोरे डोळे, शेपूट वर, आत्ता फांदीवर तर आत्ता कुंपणावर. (आपल्याकडे खार लक्षात राहिली ती सेतूला वाळू वाहून 'खारीचा वाटा' उचलणारी. इंग्रजीत तिला शेपटीने तारलं.)

मग अर्थ नेमका धरा. नुसतं 'उत्साही' म्हणून भागत नाही. झोप पुरी झाल्यावर चेहऱ्यावर दिसते ती तरतरी इथे हवी. म्हणून मोठ्यांना 'तरतरीत', 'ताजातवाना', पोरांना 'चुणचुणीत'. काम कधी एकदा सुरू होतंय असं झालेल्यासाठी इंग्रजीत वेगळा प्रयोग आहे, 'रेअरिंग टू गो'. तो मागच्या पायांवर उभ्या राहणाऱ्या घोड्यावरून आला. मराठीतही असा माणूस घोड्यासारखाच फुरफुरतो.

वाक्यात आपला 'ब्राइट-आइड अँड बुशी-टेल्ड' बहुधा 'बी', 'लुक', 'टर्न अप' यांच्यामागून येतो. जोडी मात्र शक्यतो फोडू नका. नुसतं 'ब्राइट-आइड' चालतं. नुसतं 'बुशी-टेल्ड' म्हटलंत तर समोरचा मागे वळून शेपूट शोधेल.

खरी मेख आहे ती स्वरात. यात कौतुकाबरोबर चिमूटभर चेष्टा असते. नवख्या माणसाला लावलं की 'अजून टक्केटोणपे खायचेत बिचाऱ्याला' असाही वास येतो. म्हणून पहिल्याच भेटीत साहेबांना म्हणू नका आणि औपचारिक पत्रात तर नकोच. मी एकदा नोकरीच्या अर्जात स्वतःचंच असं वर्णन केलं होतं. बोलावणं आलं नाही. कारण तेच असेल असं नाही, पण तो अर्ज आठवला की अजून कान तापतात.

सुरुवात स्वतःपासून, तीही नकाराने करा. रात्रभर बाळ रडलंय, डोळे चुरचुरतायत, ऑफिसात कुणी 'कसं काय?' विचारलं, तर म्हणा, 'नॉट एक्झॅक्टली ब्राइट-आइड अँड बुशी-टेल्ड टुडे.' बहुतेक वेळा समोरचा हसतो आणि कॉफीचं विचारतो.