मेटल कॉन्सर्टचे फोटो: पिटमधल्या आणि पिटबाहेरच्या या चुका टाळा

बहुतेक मोठ्या कार्यक्रमांत फोटोग्राफरला पिटमध्ये, म्हणजे स्टेज आणि प्रेक्षकांचा कठडा यांच्यामधल्या जागेत, पहिली तीनच गाणी मिळतात, तीही फ्लॅशशिवाय. म्हणजे जेमतेम बारा-पंधरा मिनिटं. त्यातली दोन सेटिंग शोधण्यात घालवू नका. मॅन्युअल मोड, एफ/२.८ (लेन्सचं उघडं तोंड), शटर १/३२० सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२००, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), एवढं आधीच लावून आत जा. पुढचे बदल दिवे बघून करायचे. केस उडवत डोकं झटकणारा गिटारिस्ट आणि ड्रमर यांना १/५०० तरी हवा, नाहीतर चेहरा पुसल्यासारखा येतो. फोटो दाणेदार होईल या भीतीने आयएसओ खाली ठेवणारे इथेच फसतात. दाणे नंतर कमी करता येतात, हललेला चेहरा सरळ होत नाही.

लाल दिव्यांत सगळ्यात जास्त फोटो बिघडतात. एकूण हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, ठीक दिसतो, पण लाल चॅनल (फोटोतला लाल रंगाचा भाग) कधीच भरून वाहिलेला असतो आणि नाक-गाल-कपाळ मिळून एकच लाल डाग उरतो. म्हणून तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम बघा, एक्स्पोजर एक स्टॉप खाली आणा (म्हणजे प्रकाश निम्मा करा) आणि समोरून पांढरा झोत येईपर्यंत बोट आवरा. तो बहुधा सोलोच्या वेळी येतो. फोटोवर आडवे पट्टे आले तर लेन्सला दोष देऊ नका. एलईडी दिवे डोळ्यांना कळणार नाही इतक्या वेगाने उघडमीट करतात आणि सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर ते ओळीओळीने टिपतं. मेकॅनिकल शटर वापरा. तरीही पट्टे राहिले तर शटर १/२०० पर्यंत उतरवून बघा.

ग्रोल करणारे, म्हणजे घशातून गुरगुरत गाणारे गायक दोन्ही मुठींनी माइक झाकून तोंडाशी धरतात. समोरून फक्त मुठी दिसतात. बाजूला सरका आणि ओळ संपून माइक खाली येतो तो क्षण पकडा. स्टेजच्या कडेला अगदी चिकटून राहिलात तर मॉनिटर (कलाकारांकडे तोंड केलेले स्पीकर) आडवे येतात आणि नाकपुड्याच दिसतात, दोन पावलं मागे या. ड्रमर कोपऱ्यातून, झांजांच्या फटीतून मिळतो. त्याच्यासाठी एक अख्खं गाणं राखून ठेवा.

इअरप्लग विसरू नका, कानांचं नुकसान भरून येत नाही. गर्दीच्या हातांवरून माणसं वाहत येतात, मागेही लक्ष असू द्या.

करिअर मात्र पिटबाहेर ठरतं. रॉक फोटोग्राफर रॉस हॅल्फिन यांनी मेटॅलिका आणि आयर्न मेडन या बँडसोबत वर्षानुवर्षं काम केलं, ते स्टेजवरच्या फोटोंइतकंच पोर्ट्रेट आणि स्टेजमागच्या फोटोंच्या बळावर. तेव्हा तीनशे फोटो पाठवू नका, पंधरा निवडा आणि त्याच रात्री द्या. पाससोबत येणारा करार सहीआधी वाचा. काही करारांत फोटोंचे सगळे हक्क बँडला जातात, काहींत फोटो एकाच प्रकाशनात एकदाच छापता येतो. हक्क सोडायचे नसतील तर तेवढं कलम बदलून मागा, आणि तेही कार्यक्रमाच्या काही दिवस आधी, ईमेलवर. गेटवर उभं राहून कोणी काही बदलून देत नाही.