सर्व्हर फॉर्मॅट मारायची घाई नको! सायबर अटॅकच्या वेळी धंदेवाल्यांनी या चुका टाळा

भोसरी एमआयडीसीतलं एक छोटं फॅब्रिकेशन युनिट, पंधरा-वीस माणसं. तिकडे गुरुवारी सुट्टी असते. बुधवारी रात्री कोणीतरी सिस्टिममधे शिरलं, शुक्रवारी सकाळी अकाउंटंट ताईंनी टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) उघडलं तर कंपनीचा डेटाच दिसेना, फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलच्या नावामागे भलतंच शेपूट लागलेलं आणि डेस्कटॉपवर एक नोटपॅड फाइल, बिटकॉइनमधे पैसे द्या म्हणून. मी पोचलो साडेअकराला, तोवर मालकांच्या भाच्याने सर्व्हर फॉर्मॅट मारून विंडोज टाकायला घेतलेलं. म्हणे, "बॅकअप आहे ना दादा, टेन्शन कशाला." बॅकअप होताच की, एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क आठ महिने सर्व्हरच्या मागे लावलेलीच. तीपण लॉक.

तर पहिली चूक हीच. मशीनला जी ड्राइव्ह दिसते ती रॅन्समवेअरलाही (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) दिसते, मग ती यूएसबी असो की नेटवर्कवरचा शेअर्ड फोल्डर. क्लाउडवर फोल्डर सिंक करून ठेवलाय म्हणून निवांत बसणारेही खूप, पण लॉक झालेली फाइलसुद्धा इमानदारीत सिंक होते, जुनं व्हर्जन मिळालं तर नशीब. तीन कॉपी ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक ऑफिसच्या बाहेर. आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर करून टॅली खरंच उघडतंय का बघा. हे कोणी करत नाही. मी विचारलं की सगळे म्हणतात "करायचंय".

आता चोर शिरला कुठून? लॉकडाउनमधे ताईंना घरून काम करता यावं म्हणून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा (बाहेरून ऑफिसचा कॉम्प्युटर चालवायची सोय) 3389 पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, उघडला होता, तो तसाच राहिला, पासवर्ड कंपनीचं नाव आणि पुढे 123. काही जण पोर्टचा नंबर बदलतात आणि खूश होतात, पण स्कॅनरला तोही सापडतो. पोर्ट बंदच करा, व्हीपीएन (बाहेरून ऑफिसला जोडायचा सुरक्षित रस्ता) लावा, त्यावर ओटीपी. तुमच्याकडे कोणी दार ठोठावतंय का हे बघायचं असेल तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधे सिक्युरिटी लॉग उघडा आणि 4625 शोधा, म्हणजे फेल झालेले लॉगिन. रात्री तीन वाजता शेकडो दिसले तर ते तुमच्या ताई नाहीत.

अपडेट "नंतर करू" म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, वॉनाक्राय हा रॅन्समवेअर आला मे 2017 मधे आणि मायक्रोसॉफ्टचा पॅच (भोक बुजवणारा अपडेट) मार्चमधेच आलेला.

अटॅक कळल्यावर काय करायचं तर आधी लॅनची केबल काढा, वायफाय बंद. मशीन लगेच बंद करू नका, मेमरीतला पुरावा जातो. पण केबल काढूनही डोळ्यांदेखत फाइली लॉक होतच असतील तर सरळ पॉवर ओढा, पुराव्यापेक्षा डेटा मोठा. नोटचा मोबाइलवर फोटो काढा. फॉर्मॅट तर अजिबात नाही, कारण काही जुन्या रॅन्समवेअरची चावी नो मोअर रॅन्सम साइटवर फुकट मिळते, पण लॉक झालेल्या फाइलीच उडवल्या तर चावी काय कुलपाशिवाय फिरवणार? भाच्याने नेमकं तेच केलं.

मग रिपोर्ट. बदनामी होईल म्हणून लपवतात. सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षेची सरकारी संस्था) एप्रिल 2022 च्या आदेशाप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावं लागतं आणि लॉग (सिस्टिममधल्या नोंदी) 180 दिवस ठेवावे लागतात. पैसे गेले असतील तर आधी 1930 (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) आणि बँक, बाकी सगळं नंतर. चाकणच्या एका पार्टीला व्हेंडरकडून मेल आला, "आमचं बँक खातं बदललंय", मेलच्या पत्त्यात एमच्या (m) जागी आर आणि एन (rn) चिकटवलेले, घाईत कोणाला दिसतंय! खातं बदलल्याचा मेल आला की व्हेंडरला फोन करा, तोही जुन्या नंबरवर, मेलमधल्या नाही.

सुट्टीचंही जरा मनावर घ्या. आपल्या पुण्यातल्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट 2018 मधे अटॅक झाला तो 11 तारखेला, दुसरा शनिवार. बनावट कार्डांनी 28 देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, मग सोमवारी 13 ला स्विफ्टमधून (बँकांची परदेशी व्यवहारांची मेसेज सिस्टिम) हाँगकाँगला आणखी, एकूण 94 कोटींच्या वर. बँकेचं असं होतं तर आपलं गुरुवारचं कुलूप लावलेलं युनिट काय चीज! म्हणून सुट्टीच्या दिवशी अलर्ट कोणाच्या मोबाइलवर येणार ते नावासकट ठरवा आणि आयटीवाला, बँक, 1930 हे नंबर कागदावर लिहून भिंतीला चिकटवा, कारण फोनची यादी सर्व्हरवर असेल तर तीपण लॉक होते.

त्या युनिटचा सहा महिन्यांचा हिशोब ताईंनी बिलांच्या फायली काढून परत टाकला, दिवाळी त्यातच गेली. आता दोन डिस्क आहेत, एक आलटून-पालटून दर बुधवारी संध्याकाळी त्यांच्या पर्समधून निगडीला घरी जाते.