टाइल्स किती लागतील? आधी ओळी मोजा

खोली 13 बाय 11 फूट, टाइल 600 बाय 600 मिमी. क्षेत्रफळ 143 चौरस फूट आणि एक टाइल 3.875 चौरस फुटांची, म्हणून भागाकार 36.9. दुकानदार 37 टाइल्स सांगतो, वर 10 टक्के धरले की 41. तरीही माल कमी पडतो!

कारण लादी ओळीत बसते. 13 फूट म्हणजे 3962 मिमी. 2 मिमी सांधा धरून एका टाइलला 602 मिमी जातात, म्हणजे सहा पूर्ण बसून साधारण 350 मिमी उरतात. तिथे सातवी कापावी लागते. 11 फुटांकडे पाच पूर्ण आणि सहावी कापलेली. 7 गुणिले 6, म्हणजे 42. कापून उरलेला तुकडा जेमतेम 250 मिमीचा. 350 च्या जागी तो चालत नाही.

पण तो फेकू नका. त्यातून 4 इंची स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावायच्या, दोन पट्ट्या निघतात. 3 फुटांचं दार वगळून भिंत 45 फूट, पट्ट्या लागतात 23, आणि दोन्ही कडांच्या 12 कापलेल्या टाइल्सच्या (6 अधिक 7, कोपऱ्यातली सामाईक) तुकड्यांतून 24 मिळतात. (कापलेली कड वर येणार असेल तर ती घासून घ्या.)

चारच्या बॉक्सने 11 बॉक्स, 44 टाइल्स. दोनच जादा उरतात. मिस्त्रीचा हात नवखा असेल तर बारावा घ्या. तिरकी मांडणी असेल तर क्षेत्रफळावर 15 टक्के वाढवा. सगळ्या बॉक्सवरचा बॅच आणि शेड नंबर एकच आहे ना, ते माल उतरवतानाच पाहा. नंतर आणलेल्या बॉक्सचा रंग बहुधा जुळत नाही.