स्कॅनर बिघडलाच नव्हता

अमळनेरात आमचं किराणा दुकान आहे. केळ्याच्या वेफर्सची पाकिटं आम्ही घरीच भरतो. दिवाळीआधी हौसेने लाल रंगात लेबलं छापली, बारकोडसुद्धा लालच! काउंटरवरचा स्कॅनर एकही पाकीट वाचेना. पोऱ्या म्हणाला, "भाऊ, मशीन बिघडी गयं." काच पुसली, वायर बदलली, दुरुस्तीवाल्याचे तीनशे रुपयेही गेले. पण साबण, बिस्किटं मात्र बिनबोभाट वाचली जात होती.

मग डोक्यात आलं. स्कॅनरचा लेझर लाल, साधारण ६५० नॅनोमीटरचा. काळी रेघ तो उजेड गिळते, पांढरी जागा परत फेकते. या फरकावरच सगळं वाचन चालतं. लाल रेघही लाल उजेड परत फेकते, म्हणजे स्कॅनरला ती पांढरीच! खात्रीसाठी मिठाईच्या डब्यावरचा लाल जिलेटिन कागद डोळ्यापुढे धरून लेबल पाहिलं. रेघा जवळजवळ गायब.

काळ्या शाईत नवी लेबलं छापली, लगेच 'टीं' वाजलं. काही चकचकीत पाकिटं तरीही अडायची. तिथे स्कॅनर सरळ न रोखता थोडा तिरका धरायचा, म्हणजे चमक थेट आत परतत नाही. उरलेली लाल लेबलं आता उधारीच्या चिठ्ठ्या लिहायला वापरतोय.