हानलेला तेजोमेघ टिपायला निघण्यापूर्वी

लडाखमधील हानले येथे जाण्याची तयारी सामानापासून नव्हे, तर तिथे नेमके काय टिपायचे या निर्णयापासून सुरू करावी. हंस तारकासमूहातील उत्तर अमेरिका तेजोमेघ किंवा शर्मिष्ठेतील हृदय तेजोमेघ यांचा प्रकाश मुख्यतः हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरच्या लाल रेषेत एकवटलेला असतो, आणि त्या रेषेभोवतीचाच प्रकाश आत सोडणारा अरुंदपट्टी फिल्टर लावून तो पुण्याच्या गच्चीवरूनही बऱ्यापैकी पकडता येतो. परावर्तन तेजोमेघ (ताऱ्यांच्या प्रकाशाने उजळलेली धूळ) आणि कृष्णमेघ (मागचा प्रकाश अडवणारी काळी धूळ) यांच्या बाबतीत मात्र फिल्टर कामाला येत नाही. धुळीवरून परतलेला ताऱ्यांचा प्रकाश सर्व रंगांत पसरलेला असल्याने फिल्टर शहराच्या उजेडाबरोबर त्यालाही कापतो. शहराच्या मध्यवस्तीत आकाशाची दीप्ती दर चौरस विकलेला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) १८ प्रतीच्या आसपास असते, तर हानलेला ती २२ च्या जवळ जाते; प्रत हे तेजस्वितेचे माप असून आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी. चार प्रतींचा हा फरक म्हणजे पार्श्वभूमीचा उजेड सुमारे ४० पटींनी कमी होणे. त्यामुळे तिथल्या मोजक्या रात्री धुळीसाठी राखून ठेवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. याचा एक फायदा असा की, निळसर परावर्तन तेजोमेघांसाठी लाल रंग अडवणारी काच काढून घेतलेला खास कॅमेरा लागत नाही. साधा डीएसएलआर पुरतो.

धनू राशीतील लगून तेजोमेघाचा मोह विशेषतः टाळावा. त्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंतर, उणे २४ अंशांच्या जवळपास असल्याने हानलेच्या ३२.८ अंश अक्षांशावरून तो जास्तीत जास्त ३३ अंश उंच येतो, तर पुण्याहून ४७ अंशांपर्यंत चढतो. तो उन्हाळ्यात सह्याद्रीतल्या एखाद्या अंधाऱ्या पठारावरूनच टिपलेला बरा. उलट वृषपर्वा तारकासमूहातील आयरिस हा परावर्तन तेजोमेघ, म्हणजे एनजीसी ७०२३, हानलेला ५५ अंशांपर्यंत जातो आणि पुण्याला जेमतेम ४० अंशांपर्यंत. ऑक्टोबरच्या पूर्वार्धातील अमावास्या निवडल्यास सायंकाळी सव्वासातच्या सुमारास पूर्ण काळोख होतो व तो पहाटे पावणेपाचपर्यंत टिकतो. आयरिस रात्री आठच्या सुमारास मध्यमंडलावर, म्हणजे आपल्या सर्वाधिक उंचीवर, असतो, म्हणून काळोख होताच तो सुरू करून अकरा-साडेअकरापर्यंत चालवावा. त्यानंतर पहाटेपर्यंत कृत्तिका आणि तिच्याभोवतीची धूळ घ्यावी. कृत्तिका मध्यमंडलावर येते ती पहाटे पावणेतीनच्या आसपास. दुसऱ्या रात्रीचा उत्तरार्ध राजन्य ताऱ्याजवळच्या आयसी २११८ या परावर्तन तेजोमेघासाठी ठेवावा. त्याच वेळी मृगातला प्रसिद्ध तेजोमेघ शेजारी झळकत असतो आणि सगळ्यांचे कॅमेरे आपोआप तिकडे वळतात, पण तो गच्चीवरूनही मिळतो, हे लक्षात ठेवावे. दोन रात्रींत तीन लक्ष्ये पुरेत. प्रत्येकाला किमान चार तास मिळाले नाहीत, तर धुळीचा पोत दिसण्याऐवजी चित्रातला दाणेदार गोंगाटच दिसेल.

भारतीय नागरिकांनी या सीमाभागासाठी त्या वेळी लागणारा परवाना आधी ऑनलाइन काढून त्याच्या छापील प्रती सोबत ठेवाव्यात. मुंबई-पुण्याची प्रीपेड सिम कार्डे लडाखमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. तरीही नेटवर्कच्या भरवशावर राहू नये. नकाशे, आकाशाचे सॉफ्टवेअर आणि चित्रावरून दिशा ओळखणाऱ्या प्रणालीची तारकासूची घरीच उतरवून घ्यावी आणि फोन विमान मोडवर ठेवून सर्व काही चालते का, हे तपासावे.

शरीराची तयारी ही या यादीतली सर्वांत जास्त टाळली जाणारी बाब आहे. लेह ३,५०० मीटरवर आहे आणि हानले गाव सुमारे ४,३०० मीटरवर. तिथे दर श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. लेहला किमान दोन, शक्य तर तीन पूर्ण दिवस थांबूनच अडीचशे किलोमीटरांहून थोडा अधिक असलेला पुढचा प्रवास करावा, आणि उंचीच्या त्रासावरचे डायमॉक्ससारखे औषध घ्यावे की नाही, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. विरळ हवेत मध्यरात्री डोके चालेनासे होते. घरी डोळे मिटून करता येणारे कामही तिथे दोनदा चुकते. म्हणून जुळणीची प्रत्येक पायरी जाड अक्षरात कागदावर लिहून न्यावी.

उपकरणांत मी १३५ मिलिमीटरची लेन्स आणि लहान ट्रॅकर (आकाशाच्या गतीने कॅमेरा फिरवणारे यंत्र) यांची बाजू घेईन. कॅमेऱ्यात एपीएस-सी आकाराचा संवेदक असेल तर या लेन्सचे क्षेत्र साधारण दहा अंश बाय साडेसहा अंश होते आणि कृत्तिका धुळीसह त्यात आरामात मावते. आकाश सेकंदाला १५ विकला सरकते, ३.७६ मायक्रॉनच्या पिक्सेलवर याच लेन्समधून एक पिक्सेल म्हणजे ५.७ विकला, त्यामुळे ट्रॅकर नसेल तर अर्ध्या सेकंदाच्या आतच तारे ओघळू लागतात. ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे नीट रोखणे हेच खरे काम, आणि त्यातली एक गोष्ट महाराष्ट्रातून जाणारे हमखास विसरतात: पुण्या-मुंबईकडे ध्रुव तारा क्षितिजापासून १८-१९ अंशांवर असतो, हानलेला तो जवळजवळ ३३ अंशांवर असतो. वेजचा, म्हणजे ट्रॅकरखालच्या तिरक्या बैठकीचा, कोन बदलण्यासाठी लागणारी ॲलन-की मी एकदा पुण्यातच ठेवून गेलो होतो आणि पहिल्या रात्रीचा पाऊण तास पक्कड शोधण्यात घालवला. ती चावी आता ट्रॅकरलाच दोरीने बांधलेली असते.

विजेचा हिशेब कागदावर करावा. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच न्याव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची संमती लागते आणि त्यापुढच्या नेताच येत नाहीत. संवेदक थंड ठेवणारा शीतक असलेला कॅमेरा, माउंट (त्याचा फिरता आधार), छोटा संगणक आणि हीटर मिळून ५० वॉट ओढत असतील, तर आठ तासांना ४०० वॉट-तास हवेत, आणि ते एका बॅटरीत विमानातून नेता येणार नाहीत. डीएसएलआर आणि ट्रॅकर यांचे काम मात्र एका पॉवर बँकेवर आणि कॅमेऱ्याच्या चार बॅटऱ्यांवर भागते. शून्याखालच्या हवेत संवेदक तसाही थंडच राहतो. बॅटऱ्या थंडीत लवकर उतरतात, म्हणून राखीव बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवाव्यात, आणि गोठलेली बॅटरी चार्जिंगला लावू नये. हवा इतकी कोरडी असते की दव क्वचितच पडते. वाऱ्याचा त्रास त्याहून मोठा. ट्रायपॉडचे पाय आखूड ठेवावेत आणि खाली लटकवायला एक रिकामी कापडी पिशवी न्यावी. दगड तिथे भरपूर आहेत.

निघण्याआधीच्या अमावास्येला वांगणीला, किंवा विदर्भातल्यांनी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळालेल्या पेंचला, संपूर्ण रात्रीची रंगीत तालीम करावी, आणि ती हातात जाड हातमोजे घालून करावी. फोकस बाहतिनोव्ह मास्कने (लेन्सपुढे धरायच्या खाचांच्या चकतीने) साधून रिंगला चिकटपट्टी लावावी. तापमान उतरेल तसा तो दर तासाला पुन्हा पाहावा. शहरातले तीस सेकंदांचे एक्स्पोजर तिथे दोन-तीन मिनिटांपर्यंत वाढवावे लागते, म्हणून तालमीत ट्रॅकर तीन मिनिटे तारे टिपक्यासारखे ठेवतो का, हेही पाहावे.

हानलेच्या टेकडीवर, ४,५०० मीटरवर, भारतीय खगोलभौतिकी संस्थेची दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण काम करत असते आणि भोवतीचा प्रदेश २०२२ मध्ये राखीव काळोखक्षेत्र म्हणून घोषित झाला आहे. लाल विजेरी, गाडीच्या आतल्या दिव्यावर चिकटवायला काळा कागद आणि झाकलेला कॅमेऱ्याचा पडदा हे यादीत हवेतच. हिरवा लेझर घरी ठेवावा. गाडी अंधार पडण्याआधीच मुक्कामाच्या दिशेने तोंड करून लावण्याची सूचना चालकाला चहाच्या वेळीच द्यावी.

शीतक नसलेल्या कॅमेऱ्याच्या डार्क फ्रेम (संवेदकाचा गोंगाट वजा करण्यासाठीची झाकण लावलेली चित्रे) त्याच रात्रीच्या तापमानाला घ्याव्या लागतात, म्हणून उजाडू लागताच लेन्सला झाकण लावून वीसेक काढाव्यात. त्यानंतर फोकस न हलवता, लेन्सवर पांढरा सुती कपडा ताणून, फिकट आकाशाकडे रोखून फ्लॅट (कडांचा काळोख व धुळीचे डाग काढण्यासाठीची एकसारख्या उजेडाची चित्रे) घ्यावेत. दोन्ही मेमरी कार्डे दोन वेगळ्या डिस्कवर उतरवावीत, आणि मगच झोपावे.