कोजागरीचे दूध घरीच आटवावे

कोजागरीच्या रात्री तयार मसाल्याची पुडी दुधात टाकली, तरी रीत पार पडते. परंतु या सणातली खरी मौज संध्याकाळपासून मंद आचेवर दूध आटवण्यात आहे, आणि ते काम घरात सर्वांना वाटून घेता येते.

जाड बुडाच्या पातेल्यात आधी दोन चमचे पाणी फिरवून मग 1 लिटर म्हशीचे दूध ओतावे, म्हणजे ते सहसा तळाशी लागत नाही. दूध पाऊण लिटर होईपर्यंत अधूनमधून ढवळावे आणि कडेला चिकटलेली साय उलथन्याने खरवडून पुन्हा दुधात मिसळत राहावी, कारण दुधाला दाटपणा आणि रवाळपणा तिच्यामुळेच येतो. बदाम-पिस्ते वाटताना थोडी साखर घालून मिक्सर थांबत थांबत फिरवावा, नाहीतर तेल सुटून भुकटीऐवजी गोळा हाती येतो. केशर चमचाभर कोमट दुधात आधीच भिजत घालावे. वेलदोड्याची पूड आणि चारोळी मात्र शेवटी. जायफळ चिमूटभरच किसावे, कारण ते जास्त झाले की दूध कडवट लागते. शिवाय जागरणाच्या रात्री झोप आणणारे जायफळ, हा एक विनोदच आहे.

गच्ची नसल्यास खोलीतले दिवे मालवून, खिडकीतून चांदणे येईल तिथे पातेले पातळ फडक्याने झाकून ठेवावे. थोरल्या अपत्याला ओवाळण्याची आश्विनी घरात असेल, तर ती दूध वाटण्यापूर्वीच उरकावी, कारण पत्त्यांचा डाव एकदा रंगला की कोणी जागचे हलत नाही.